निळ्या संघाचा भोपळा

१४ सप्टेंबर

सुगीच्या सणाची गर्दी ओसरली. तांदूळ दळून दळून माझ्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या, त्या आज पुन्हा काळ्या दिसल्या. सकाळी गिरणीचं दार उघडलं तर समोरचा रस्ताच नाहीसा झालेला. नदीवरून वर आलेलं धुकं या दिवसांत लवकर हलत नाही, आणि ते हलेपर्यंत मीही धड जागी नसते. त्या धुक्यातून आधी खोकला आला, मग टोपी आली, मग टोपीखाली शाळेचे प्यो गुरुजी.

मला वाटलं, तिळाचं तेल काढून हवं असेल. पण गुरुजी काम घेऊन आले होते. यंदा शाळेच्या खेळांना सगळं गाव उतरणार. शाळेत पोरंच इतकी थोडी की एक संघ केला की दुसऱ्या संघाला कुणी उरत नाही. म्हणून म्हातारेकोतारे, सुना, जावई, सगळ्यांना निळ्या नाहीतर पांढऱ्या संघात घालायचं. आणि जेवणाच्या सुट्टीआधी भोपळे फोडायचे, पूर्वी फोडायचे तसे.

“भोपळे आता तयार मिळतात की, गुरुजी.”

“मिळतात. प्लास्टिकचे. दोरी ओढली की उघडतात. मग पिशव्या मारायच्या कशाला? घरीच बसू सगळे.”

हे खरं. आमचा भोपळा म्हणजे दोन टोपल्या तोंडाला तोंड लावून बांधायच्या, वरून कागद डकवायचा आणि उंच बांबूला टांगायचा. खालून मुठीएवढ्या कापडी पिशव्या, आत दाणे भरून शिवलेल्या, नेम धरून मारायच्या. मारून मारून कागद फाटला की भोपळा उघडतो, रंगीत कपटे उडतात आणि आतून एक लांब पट्टी खाली सुटते. आमच्या शाळेत पांढऱ्यांच्या पट्टीवर ‘पोरांनो, दमलात का?’ असं असतं आणि निळ्यांच्या पट्टीवर ‘चला जेवायला!’ दोन्ही पट्ट्या सुटल्याशिवाय कुणी डब्याची गाठ सोडायची नाही. माझे सासरे डबा मांडीवर घेऊन भोपळ्याकडे असे बघत बसायचे की देवळातही कधी तसे बसले नाहीत.

दाणे माझे, गिरणीमागची शेड माझी आणि कागदकाम योम किसूचं, असं गुरुजी ठरवूनच आले होते. या खोऱ्यातल्या सगळ्या दारांना आणि भिंतींना कागद लावला तो योमने. लोकांनी काचा बसवल्यापासून तो रिकामाच असतो.

“येईल का तो?” मी विचारलं.

“गिरणीवाल्या सुनिमबाईंच्या शेडमध्ये काम आहे म्हटलं, तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हणाले.”

रिकामा माणूस कशालाही हो म्हणतो.

१६ सप्टेंबर

बुनाम आजी आज पिशव्या शिवायला आली. तिच्या वयाच्या बायका सावलीत डुलक्या घेतात, ही सुई घेते आणि सुईबरोबर तोंडही चालवते. तिच्याकडून कळलं की योमचा मुलगा तेकग्यू सणाला आला होता, त्याने उल्सान शहरात मोठं घर घेतलंय, त्यात बापासाठी वेगळी खोली आहे. खेळांच्या दिवशी तो गाडी घेऊन येणार आणि संध्याकाळी बापाला घेऊन जाणार, कायमचा.

“चांगलंय की,” मी म्हणाले. “एकटा माणूस. मुलाच्या हातचं खाईल.”

“चांगलंय?” आजीने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

“मग काय वाईट आहे?”

आजी दोरा तोडून म्हणाली, “तीळ करपताहेत.”

खरंच करपले होते. सगळा घाणा टाकून द्यावा लागला. गिरणी हातात घेतल्यापासून माझे तीळ कधी करपले नव्हते. बोलता बोलता भट्टीकडे लक्ष राहत नाही, म्हणून मी आजीला समोर बसू देत नाही, ते बरोबरच आहे.

१८ सप्टेंबर

योम आला. टोपल्या घेऊन आला, ब्रश घेऊन आला, आणि दारात जोडे असे नीट लावले की माझ्याच चपला मला पसरलेल्या वाटल्या. पांढऱ्यांचा भोपळा मी करायचा, निळ्यांचा त्याने. मी खळ शिजवली. त्याने बोट बुडवून चाटली.

“खळ आहे ती, सूप नव्हे,” मी म्हणाले.

“मीठ नाही ना पडलं, ते बघितलं. मिठाने कागद ओला राहतो.”

“माझ्या हातून खळीत मीठ पडेल?”

“परवा तीळ करपले म्हणे.”

बुनाम आजीचं तोंड! मी कागद पुढ्यात ओढला. दुपारभर आम्ही दोघं समोरासमोर बसून कागद फाडत होतो. कागद कापायचा नाही, फाडायचा, म्हणजे कडा एकमेकींत मिसळतात, असं तो म्हणाला. शेडच्या पत्र्यातून उन्हाच्या बारीक काठ्या आत आल्या होत्या आणि त्यांत पीठ तरंगत होतं. फाडलेल्या कागदाचा आवाज ऐकता ऐकता मला बसल्या जागी झोप लागली. जागी झाले तेव्हा माझ्या अंगावर त्याचं जाकीट होतं आणि तो गेलेला होता. जाकिटाला खळीचा वास येत होता. उद्या परत करायला हवं.

२१ सप्टेंबर

आज पिशव्यांची परीक्षा घेतली. बुनाम आजीने जुन्या पँटी, एक चादर आणि तिच्या लग्नातली रजई कापून ढीगभर पिशव्या शिवल्यात आणि त्यात माझे किडके सोयाबीन ठासून भरलेत. अंगणातल्या नासपतीच्या झाडाला मी चाळण टांगली. योमने एक पिशवी मारली, ती चाळणीला लागून उडाली आणि परत त्याच्याच पायाशी आली.

“पोट भरलंय तिचं,” तो म्हणाला. “अर्धपोटी ठेवा. मग हातात बसते आणि लागते तिथे जोर सोडते.”

आजी कुरकुरत शिवण उसवायला बसली. मी एकेका पिशवीतून मूठभर दाणे काढले. मग मी मारली. चाळण गर्रकन फिरली. दुसरीही लागली, तिसरीही. हाताला काय आठवतं ते डोक्याला माहीतच नसतं. ऊन उतरत चाललं होतं, डोंगर निळे होत चालले होते आणि आम्ही दोघं म्हातारी माणसं आळीपाळीने पिशव्या मारत होतो. पिशवी हातातून सुटते आणि पोचेपर्यंत मधे जो वेळ जातो ना, तेवढ्यात काहीच नसतं, गिरणी नाही, वय नाही. मला ते फार आवडलं.

“तुमचा हात अजून तसाच आहे,” योम म्हणाला.

“अजून म्हणजे?”

“लग्न होऊन आलात त्या वर्षीच्या खेळांत तुम्ही पांढऱ्या संघात होता. डोक्याला पिवळा रुमाल होता. शेवटची पिशवी तुमचीच लागली.”

मला पिवळा रुमाल आठवतसुद्धा नाही. काही लोकांना नको ते लक्षात राहतं. तेव्हा माझे यजमान होते, त्याची बायको होती, आम्ही चौघंही जेवायला शेजारीशेजारी बसलो असू. आता ती दोघं वर डोंगरावर शेजारीशेजारी पुरलेली आहेत.

२३ सप्टेंबर

माझा भोपळा झाला. दोन थर, वरून पांढरा कागद, सुकला की काम संपलं. योमचा काही होत नाही. आज येऊन पुन्हा एक थर लावला. काल लावला होता, परवाही लावला होता. मी म्हटलं, अहो, हा फुटायला हवा, नांदायला नाही. तर म्हणतो, कागद ताणून बसला नाही, कडेला सुरकुती आहे. मी डोळे बारीक करकरून पाहिलं, मला सुरकुती दिसली नाही.

बरं, खळ माझ्या पिठाची. जेवणही माझ्याकडेच, कारण दुपारी घरी जाऊन यायचं म्हणजे तासभर मोडतो. आज मासळी भाजली होती, उद्यापर्यंत टिकली नसती म्हणून त्याला मोठा तुकडा दिला. कोबीची मुरलेली किमचीही जुन्या घड्यातली काढली. तोही घडा संपवायलाच हवा होता.

जेवल्यावर त्याने खिशातून रुमाल काढला. रुमालात कॉसमॉसची फुलं होती, रस्त्याकडेची. पाकळ्या सुट्या करून कागदाखाली लावत बसला, कागदी दाराच्या मुठीजवळ लावतात तशा. इतक्या उंचावर कोण बघणार आहे, असं मी विचारलं.

“जो लावतो त्याला माहीत असतं.”

“आणि मग त्यावर पिशव्या मारायच्या.”

“हो.”

“म्हणजे मेहनत फुकट.”

“फुकट कशी?” तो म्हणाला. “दुपार गेली की.”

मुलाकडे जायची वेळ आली की माणसं अशी विचित्र बोलत असतील.

२५ सप्टेंबर

पहाटे स्वप्न पडलं. दोन्ही भोपळे शेडमधून सुटून वर गेले होते आणि खोऱ्यावर तरंगत होते. एकाचा दोरा माझ्या हातात होता. दुसऱ्याचा दोरा कुणीतरी धरला होता, तोंड धुक्यात होतं, फक्त हात दिसत होता आणि नखांत खळ वाळलेली होती. खाली गाव नव्हतं, नुसती भातं, पिवळी होत आलेली. आम्ही कुठेच जात नव्हतो. दोरा ओढत होता आणि त्याचा हाताला त्रास होत नव्हता. जाग आली तेव्हा मूठ मिटलेली होती.

रात्री मुळा जास्त झाला असावा.

दुपारी योमला सांगितलं, तर त्याने ब्रश थांबवला आणि विचारलं, “मग पुढे?”

“पुढे काय? जाग आली.”

“हं,” म्हणाला, आणि आणखी एक थर लावायला घेतला.

२८ सप्टेंबर

आज मी स्पष्ट बोलले. भोपळा आता इतका जाड झालाय की टिचकी मारली तर ढोलासारखा वाजतो. योमने ब्रश हातात घेतला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “सुनिमबाई, किती थरांवर थांबायचं? तुम्ही सांगा.”

मी भट्टीवरून उठून आले होते, अंगाला घाम होता. म्हणाले, “पुरे झालं. आता एकही नको. संपवा एकदाचं.”

त्याने ब्रश धुतला. हळूहळू, एकेक केस वेगळा करून. निळा कागद वरून लावून टाकला. खळीचं पातेलं घासून पालथं घातलं, ते मी कधी सांगितलं नव्हतं. जोडे घातले, वाकून नमस्कार केला आणि गेला.

मी चुकीचं काही बोलले नाही. भोपळा फुटायला नको का?

१ ऑक्टोबर

योम येत नाही. काम संपलं, तो कशाला येईल?

शेड मोठी वाटते. दोन भोपळे आढ्याला टांगलेत, वारा आला की एकमेकांकडे तोंड करतात आणि परत फिरवतात. दुपारी त्यांच्याखाली बसले होते, झोप आली नाही. मासळी भाजली तीही उरली. धुकं आज अकरापर्यंत होतं. उठून रस्त्यापर्यंत दोनदा जाऊन आले. कशाला गेले ते आता लिहायला बसल्यावर आठवत नाही.

४ ऑक्टोबर

उद्या खेळ. शाळेची पोरं येऊन भोपळे घेऊन गेली. मी योमला सोबत न्यायला तेल भरून ठेवलं, सगळ्या बाटल्यांची बुचं मेणाने बंद केली, मोटारीत सांडू नये म्हणून. बुनाम आजी बघत होती.

“हे काय?”

“उल्सानला असलं तेल मिळत नाही.”

“तेल कसलं देतेस त्याला? तोंड दिलंय ना देवाने? बोल की.”

“काय बोलू?”

आजीने कपाळावर हात मारून घेतला. “तो एक तसा आणि ही एक अशी! अगं, तो रोज इथे कशाला येत होता?”

“सुरकुती जात नव्हती म्हणून.”

आजी हसली, हसता हसता खोकली, मग उठून चालायला लागली. तिचं वय झालंय, कधी कधी भलतंच बोलते. तरी मला रडू का आलं ते कळलं नाही. मेणाचा धूर डोळ्यांत गेला असेल.

५ ऑक्टोबर

सगळं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मला स्वप्नच वाटेल.

आभाळ इतकं उंच होतं की मैदानावरची माणसं बुटकी दिसत होती. सकाळी धावणं झालं, रस्सीखेच झाली, बायकांनी पुरुषांना ओढलं. तेकग्यू आला होता. शहरी बूट घालून निळ्या संघात पळाला आणि पडला, उठून हसला. चांगला मुलगा आहे. त्याच्या गाडीच्या मागच्या सीटवर बापाचं गाठोडं आधीच ठेवलेलं मी बघितलं.

मग भोपळे उभे केले. पांढऱ्यांचा बांबू गुरुजींनी खड्ड्यात रोवला. निळ्यांचा योमने स्वतः धरला. रोवायची सोय होती, पण ऐकेना. शिट्टी वाजली आणि पिशव्या उडाल्या. मी पांढऱ्या संघात. आमचा भोपळा थोड्याच वेळात फाटला, कपटे उडाले, ‘पोरांनो, दमलात का?’ खाली लटकलं आणि सगळी पोरं “हो!” म्हणून ओरडली.

निळा भोपळा फुटेना. पिशवी लागायची, ढब् करून आवाज यायचा आणि ती खाली पडायची. पोरं दमली. बाप उतरले, तेही दमले. आम्ही पांढरेही निळ्यांच्या मदतीला गेलो. आया डब्यांजवळ बसून गाठींवर हात ठेवून होत्या, किमबापच्या भाताच्या गुंडाळ्यांना लावलेल्या तेलाचा वास मैदानभर फिरत होता आणि कुणी गाठ सोडत नव्हतं. एक बारकी पोरगी जमिनीवर उताणी पडून म्हणाली, “आई, मी मेले.” गुरुजी भोंग्यावर ओरडत होते, “निळा संघ, आणखी थोडा जोर!” शेवटी तेच माईक घेऊन बांबूपाशी आले.

“योमसाहेब, खाली घ्या. कात्री आणतो.”

“कात्री नको. फुटेल.”

“बाबा, द्या इकडे, मी धरतो,” तेकग्यू म्हणाला. “हात दुखले असतील.”

“नाही दुखले.”

बुनाम आजी तिच्या स्टुलावरून ओरडली, “ए गिरणीवाले! त्याने भिंत बांधलीय ती! तुझ्याशिवाय कुणाच्या बापाला फुटायची नाही, जा पुढे!”

मी पुढे गेले. पिशवी मारली, लागली. दुसरी मारली, लागली. आणखी जवळ गेले. भोपळ्याकडे बघता बघता नजर खाली आली आणि योमच्या तोंडावर थांबली. घाम गळत होता, पण तोंडावर काळजीचा मागमूस नव्हता. सगळं गाव उपाशी आणि हा माणूस शांत. हा असाच संध्याकाळपर्यंत उभा राहिला असता, बांबू धरून, उद्यापर्यंतही राहिला असता. भोपळा फुटला की जेवण, जेवण झालं की खेळ संपले, खेळ संपले की गाडी. मला एकदम दिसलं. जात्याच्या आवाजावरून मला कळतं दगडाला टाकी कधी हवी ते, आणि हे माझ्या शेडमध्ये, माझ्या पिठाची खळ घेऊन, रोज माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं ते मला दिसलं नाही.

हातातली पिशवी मारलीच नाही. अगदी जवळ गेले.

“किती थर लावलेत?”

“मोजले नाहीत.”

“का लावलेत?”

तो वर भोपळ्याकडे बघत म्हणाला, “संपलं असतं तर यायला कारण राहिलं नसतं.”

“मग मी पुरे म्हणाले तेव्हा बोलला का नाहीत?”

“तुम्ही पुरे म्हणालात.”

मला राग आला, फार राग आला, त्याचा नाही, दोघांचाही. “उल्सानला जायचंय तुम्हाला?”

“नाही.”

“मग मुलाला हो कशाला म्हणालात?”

“इथे कुणी राहा म्हणालं नाही.”

“राहा!” मी म्हणाले.

गुरुजी माईक हातात घेऊन शेजारीच उभे होते हे माझ्या ध्यानातच नव्हतं. माझा तो एक शब्द भोंग्यातून मैदानभर गेला, भातावरून गेला, समोरच्या डोंगराला लागून परत आला. सगळी डोकी आमच्याकडे वळली. मला वाटलं, जमीन फाटावी आणि मी दाण्यासारखी आत जावं. पण बोललेलं परत घ्यावंसं वाटलं नाही, एकदाही.

“ऐकू आलं!” बुनाम आजी ओरडली. “आता तो भोपळा खाली घ्या, माझ्या पोटात कावळे ओरडताहेत!”

योमने बांबू खाली आणला. बोटं आखडली होती त्याची, मग दुखलेच होते ना! भोपळा माझ्या छातीपर्यंत आला आणि मी दोन्ही हातांनी फाडायला घेतला. निळा कागद, पांढरा थर, पिवळा थर, कॅलेंडरचा कागद, पिठाच्या पिशवीचा कागद, मधे सुकलेल्या पाकळ्या. नखं दुखली. त्याने बांबू खाली ठेवला आणि पलीकडून तोही फाडायला लागला. पट्टी आत खळीला चिकटून बसली होती, ओढली तर फक्त पहिला शब्द हाती आला. ‘चला’. गुरुजींनी तेवढाच वाचला. तेवढा पुरला. मैदानभर गाठी सुटल्या.

आम्ही एकाच चटईवर बसलो. तेकग्यूने डब्याला हात लावला नाही. बराच वेळ बुटाकडे बघत होता.

“मावशी, मी खोलीला रंग दिलाय,” तो म्हणाला. “बाबांना आवडतो तो.”

मला फार वाईट वाटलं, ते खोटं नाही. त्याचा बाप अंड्याचं कवच सोलत राहिला आणि सोललेलं अंडं त्याने मुलापुढे धरलं.

“गाव काय म्हणेल, बाबा?”

बुनाम आजीच्या तोंडात घास होता. तो गिळून ती म्हणाली, “गाव जेवतंय. तूही जेव.”

त्याने अंडं घेतलं. मग भात घेतला. मग पुष्कळ जेवला, लहान मुलासारखा मान खाली घालून. संध्याकाळी गाठोडं गाडीतून उतरवताना त्याने ते बापाच्या हातात दिलं नाही, माझ्या हातात दिलं, आणि अवघडल्यासारखी मान वाकवली. मी तेलाच्या बाटल्या त्याच्या सीटवर ठेवल्या. गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत योम रस्त्यात उभा होता. त्याचे डोळे भरले होते.

मला आनंद झालाय. या वयात, असा. लिहूनच ठेवते.

७ ऑक्टोबर

काल कुणीच कुणाकडे गेलं नाही. मी दिवसभर दाराकडे बघत होते आणि कुणी बघितलं तर तराजू पुसत होते. वाटलं, मैदानावर झालं ते मैदानावर राहिलं.

आज धुकं होतं. त्यातून योम आला. जोडे काढले आणि माझ्या चपलांशेजारी लावले. हात रिकामे. ब्रश नाही, कागद नाही.

“आज कसलं काम काढलंत?” मी विचारलं.

तो दारातच उभा राहिला. बराच विचार केला. सापडेना त्याला.

“काही नाही,” म्हणाला. “आज काहीच काम नाही.”

“मग बसा,” मी म्हणाले.

तो बसला. दिवसभर बसला होता.